चवन्नीवरचे उलटे सिंह

चहा आधी पिऊन घ्या. घोट तोंडात असताना हा किस्सा ऐकणाऱ्यांनी माझे सदरे खराब केलेले आहेत, म्हणून सांगतो.

चुका कोण करत नाही? तुम्ही करता, मी करतो, सरकार करतं. पण सरकारची चूक पकडायला निघालेला माणूस स्वतः केवढी मोठी चूक करू शकतो, हे बघायचं असेल तर माझ्याकडे बघा. नीट बघा.

ऐंशी सालच्या आगेमागेची गोष्ट. मी तेव्हा चिखल्याला खाणीच्या कॉलनीत राहायचो. खाण मँगनीजची, जमिनीखालची. पण मी काही खाली उतरणारा माणूस नव्हे. मी कंडक्टर. एस.टी.चा नाही हं, खाजगी बसचा. तुमसरचे लक्ष्मणशेठ म्हणून एक धानाचे व्यापारी होते, त्यांची बस. कामगारांना शिफ्टला न्यायचं-आणायचं आणि मधल्या वेळात नाकाडोंगरीकडच्या लोकांना तुमसरच्या बाजाराला सोडायचं, हे तिचं काम. बस इतकी जुनी होती की उतारावर ती स्वतःच्या मर्जीनं जायची आणि चढावर आमच्या.

लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. बायको शेवंता, माहेर पवनीकडचं आसगाव, धानाची शेती करणारं घर. सातवी शिकलेली. मी मॅट्रिक नापास. म्हणजे शिक्षण माझं जास्त. हे मी तिला अधूनमधून सांगायचो आणि ती अधूनमधून ‘नापास’ हा शब्द तेवढा उचलायची.

तर एक दिवस तुमसरहून परतताना बसमध्ये एक नागपूरचे साहेब चढले. मांडीवर रेक्झिनची बॅग, नाकावर जाड चष्मा. कोणा नातेवाइकाकडे खाणीवर चालले होते. मी तिकीट फाडलं, सुटे पैसे परत दिले. आता सुटे पैसे मिळाल्यावर माणूस काय करतो? खिशात टाकतो. हे साहेब एकेक नाणं कडेनं धरून डोळ्यांजवळ नेऊ लागले.

मला राग आला. "खोटं नाई जी ते. आमच्या बसमधी खोटा पैसा चालत नाई."

"खोटं नाही हो," ते हसून म्हणाले, "मी चुकलेलं शोधतो आहे."

आणि त्यांनी बॅगेतून एक दहा पैशाचं नाणं काढून दाखवलं. काय सांगू? त्या नाण्यावरचा छाप एका बाजूला सरकलेला, आणि दुसऱ्या बाजूला अर्धचंद्रासारखी कोरी जागा. जणू छापताना कोणी नाण्याला धक्का दिला असावा.

"टाकसाळीत नाणं दोन छाप्यांमध्ये दाबून पाडतात," साहेब म्हणाले. "रोजची ढिगांनी नाणी. त्यात एखादं बिघडतं, तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटतं आणि फिरत फिरत तुमच्या झोळीत येतं. ज्याला ओळखता येतं तो बाजूला काढतो. बाकीचे त्याची बिडी घेतात."

मी लगेच झोळीतून एक भोक पडलेलं नाणं काढून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी मान हलवली. "हे टाकसाळीबाहेर बिघडलं. कोणी ठोकलं, कोणी भोक पाडलं. ती नाण्याची जखम झाली. चूक जन्मतःच असावी लागते."

बस खडखडत होती, साहेब एका हातानं दांडा धरून शिकवत होते आणि मी तिकिटं सोडून शिकत होतो.

"सगळ्यात सोपी ओळख सांगतो," ते म्हणाले. "आकड्याची बाजू सरळ धरायची आणि नाणं पलटवायचं. आपल्याकडे मागचे सिंह सरळच उभे दिसले पाहिजेत. ते डोक्यावर उभे दिसले, तर समजा टाकसाळीत छापा फिरला. असं नाणं हजारोंत एखादं. हौशी लोक त्याला चांगली किंमत देतात. फक्त धरताना कडेला धरा. बोटाचा घाम नाण्याच्या चेहऱ्याला लागला की किंमत उतरते."

तेवढ्यात चिखला आलं. साहेबांनी तिकिटामागं आपला नागपूरचा पत्ता लिहून दिला, काही सापडलं तर या म्हणाले आणि उतरून गेले.

बस रिकामी झाल्यावर मी मागच्या बाकावर बसलो. झोळीतून एक चवन्नी काढली. आकडा सरळ धरला. अंगठ्यानं वरून खाली पलटवली, जशी रोज पलटवतो तशी.

तिन्ही सिंह डोक्यावर उभे.

तुम्हाला सांगतो, माझ्या कानात गरम झालं. हजारोंत एखादं, आणि पहिल्याच झटक्यात. म्हटलं, नशीब उघडलं. ती चवन्नी वरच्या खिशात ठेवली. दुसरी काढली. पलटवली. डोक्यावर. तिसरी, डोक्यावर. मग दहा पैसे काढले, आठाने काढले, रुपया काढला. सगळे सिंह पाय वर करून.

आता इथं कोणत्याही शहाण्या माणसाला शंका आली असती. मलाही आली. हजारोंत एक म्हणाले, मग झोळीत सगळीच कशी? पण मला लगेच उत्तरही सुचलं. टाकसाळीत हा बिघडलेला माल निघाला असणार. फेकवत तर नाही. मुंबईला पाठवला तर बोंबाबोंब होईल. मग कुठं ढकलायचा? जिथं कोणी बघणार नाही तिथं. म्हणजे भंडारा जिल्हा. आमच्याकडे रेशनचे किडके गहू येत नव्हते का? मग उलटे सिंह यायला काय हरकत आहे?

हे उत्तर मला इतकं पटलं की मी त्या दिवसापासून सुटे पैसे परत देणंच बंद केलं.

पण घरी एक अडचण होती. ती अडचण स्वयंपाक करत होती.

मी शेवंतेसमोर बसलो, चवन्नी कडेनं धरली आणि सगळं समजावून सांगितलं. मग पलटवून दाखवली. "हे पाह्य. सिंह कसे आहेत?"

"उलटे आहेत," ती म्हणाली.

"मंग? हे चवन्नी लई किमतीची आहे. हात नको लावू."

हात नको लावू म्हटल्यावर शेवंतेनं हात धुतले, पदराला पुसले आणि चवन्नी माझ्या चिमटीतून काढून घेतली. आकडा सरळ धरला. पलटवली. "हे तं सरळ आहेत."

"कायचे सरळ? आन इकडं." मी घेतली, पलटवली. उलटे.

तिनं घेतली. पलटवली. "सरळच तं आहेत. तुमी पाहून कोनीकडं राहिले?"

"मी सिंहाइकडं पाहून राहिलो. तू कोनीकडं पाहते?"

"मी बी सिंहाइकडंच पाहून राहिली."

चुलीवरची भाजी लागेपर्यंत ती चवन्नी आमच्या दोघांच्या हातांत फिरत राहिली. माझ्याकडे आली की सिंह डोक्यावर, तिच्याकडे गेली की पायांवर. नाणं तेच. प्रकाश तोच. मी रुपया दिला, दहा पैसे दिले. फरक नाही. शेवटी ती म्हणाली, "मले सगळे सरळच दिसतेत." आणि करपलेली भाजी माझ्या ताटात वाढली.

मी जेवता जेवता विचार केला. नाणं तर उलटं आहे, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. तिला सरळ दिसतं. याचा अर्थ एकच निघतो. बायकोच्या डोळ्यांत काही बिघाड आहे. मला एकदम वाईट वाटलं तिच्याबद्दल. एवढी तरणी बाई, आणि जग उलटं दिसतं. आणि मी तिच्याशी भांडत बसलो.

त्याच आठवड्यात तुमसरच्या एका शाळेत डोळ्यांचं फुकट शिबिर होतं. मी तिला घेऊन गेलो.

"मले काई झालं नाई," ती रस्ताभर म्हणत होती.

"सुरुवातीले कोनालेच समजत नाई," मी तिला धीर देत होतो.

डॉक्टरांनी तिला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. तिनं सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ धडाधडा वाचली आणि त्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर म्हणाले, "बाईंचे डोळे उत्तम आहेत. तुम्ही काय म्हणत होता, काय उलटं दिसतं?"

मी जवळ सरकून म्हणालो, "अक्षर नाई जी, तिले सिंह उलटे दिसतेत. म्हनजे सरळ दिसतेत. म्हनजे जे उलटे आहेत ते सरळ दिसतेत."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रांग मोठी होती. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि अक्षरं वाचायला सांगितलं. मी वरून दोन ओळी वाचल्या आणि तिसरीत अडखळलो.

घरी येताना चष्मा मला लागलेला होता. शेवंता माझ्यापुढं चालत होती आणि तिच्या पाठीवरून कळत होतं की ती हसते आहे. चष्मा आल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल? चवन्नी काढली आणि पलटवली. सिंह उलटेच. आणि आता तर त्यांची आयाळसुद्धा स्पष्ट उलटी दिसत होती. माझी खात्री दुप्पट झाली.

इकडे बसमध्ये वेगळंच सुरू झालं होतं. तो काळ आठवा. चिल्लर मिळत नसे. दुकानदार सुट्या पैशांऐवजी काडेपेटी हातात ठेवायचे. मी लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या. ज्याचे जेवढे पैसे परत द्यायचे, तेवढ्या गोळ्या. कामगार शिफ्टवरून थकून आलेले, तोंडावर मँगनीजची काळी धूळ, आणि हातात लाल-पिवळी गोळी. कुरकुर करायचे, पण खायचे.

कौतिकाबाई मात्र खाणाऱ्यातली नव्हती. ही नाकाडोंगरीकडची ढिवरीण. तळ्यातली मासोळी टोपल्यात भरून बाजाराच्या दिवशी आमच्या बसनं तुमसरला जायची. पहिल्या खेपेला तिनं गोळी घेतली. दुसऱ्या खेपेला घेतली. तिसऱ्या खेपेला मी तिकीट फाडून हात पुढं केला, तर तिनं टोपल्यात हात घातला आणि पळसाच्या पानात बांधलेली एक पुडी माझ्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"झिंगे."

"मी कायले घेऊ झिंगे? पैसे दे न वो बाई."

"तू मले पैसे देते का गा? तू गोळी देते. माह्या घरी गोळ्याइची भाजी नाई होत. तुह्या घरी झिंग्याची होते. म्हनजे तुहा फायदाच आहे."

सारी बस हसली. मी ती पुडी मुकाट्यानं कोटाच्या खिशात टाकली. दुपारपर्यंत कोटाला असा वास सुटला की तुमसर स्टँडवरचं एक मांजर बसमध्ये चढलं आणि चिखल्यापर्यंत माझ्यामागं फिरलं. त्याचं तिकीट मी काढलं नाही.

पण हसण्यावारी जाणारी गोष्ट ही एवढीच. मागून जे उठलं ते वाईट होतं. त्या दिवसांत काही लोक चिल्लर दाबून ठेवायचे आणि दुकानदारांना जादा पैसे घेऊन विकायचे. कॉलनीत बोलणं सुरू झालं की कंडक्टर आपले सुटे पैसे दाबतो आणि तुमसरला नेऊन विकतो. आमच्या पैशांवर कमिशन खातो आणि आमच्या तोंडात गोळ्या कोंबतो. चहाच्या टपरीवर मी गेलो की माणसं गप्प व्हायची. कॉलनीत तुकाराम मेट म्हणून एक वयस्कर माणूस होता, खाली खाणीत कामगारांच्या टोळीवर देखरेख करणारा. सगळे त्याचं ऐकायचे. तो मला भेटला की आधी ‘राम राम’ म्हणायचा. आता तो नुसता बघायचा.

आणि हे सगळं लक्ष्मणशेठच्या कानावर गेलं.

शेठनी मला धानाच्या गोदामात बोलावलं. "तू माह्या गाडीवर चिल्लरचा धंदा करून राहिला म्हनते. खरं आहे का?"

आता लपवून उपयोग नव्हता. मी गोदामाचं दार लोटलं, खिशातून चवन्नी काढली आणि सगळं सांगितलं. नागपूरचे साहेब, टाकसाळ, फिरलेला छापा, भंडाऱ्याला ढकललेला माल. मग कडेनं धरून पलटवून दाखवलं. "पाहा शेठजी, डोक्यावर उभे आहेत."

तुम्ही म्हणाल, शेठ व्यापारी माणूस, त्यानं स्वतः पलटवून पाहायला नको का? पाहणारच होते. त्यांनी हात पुढं केलाही होता. पण मी म्हणालो, "हात नोका लावू. बोटाचा घाम लागला का किंमत उतरते." किंमत हा शब्द ऐकल्यावर शेठनी हात असा मागं घेतला, जणू चवन्नी तापलेली होती. मग ते दोन्ही हात पाठीशी बांधून, वाकून वाकून पाहत राहिले. मी पलटवत राहिलो.

"असे किती आहेत?"

"सगळेच, शेठजी."

शेठ धानाच्या पोत्यावर बसले. मग म्हणाले, "बस कोनाची आहे?"

"तुमची."

"मंग नानं कोनाचं झालं?"

असे आम्ही भागीदार झालो. अर्धं त्यांचं, अर्धं माझं. शेठनी दुकानातली चिल्लरही अडवून धरली. सगळी नाणी एका थैलीत भरून ठेवली आणि गोदामाला दुसरं कुलूप आलं. मी शेवंतेला सांगितलं की आता चांगले दिवस येणार. ती म्हणाली, "आधी कोटाचा वास जाऊ द्या."

सवड पाहून आम्ही नागपूरला निघालो. थैली इतकी जड की आम्ही दोघं दोन बाजूंनी धरून चालत होतो. शेठ गाडीत बसल्यावर म्हणाले, "एक सांगून ठेवतो. हे खरं निघालं तं तू माहा भाऊ. खोटं निघालं तं उद्यापासून बसवर येऊ नोको."

मला काळजी नव्हती. खोटं निघणारच कसं? सिंह तर डोक्यावर होते.

साहेब घरीच होते. त्यांनी मला ओळखलं, बसायला सांगितलं, आतून चहा मागवला. भला माणूस. आम्ही थैली त्यांच्या दिवाणावर ठेवली तर दिवाण करकरला.

"एवढी?" ते म्हणाले.

"सगळे फिरलेल्या छाप्याचे," मी म्हणालो, आणि शेठनी अभिमानानं मान हलवली.

साहेबांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी तेव्हा आनंद समजलो. त्यांनी वरचं एक नाणं उचललं, पलटवलं, बाजूला ठेवलं. दुसरं उचललं, पलटवलं, बाजूला ठेवलं. असं बराच वेळ चाललं. चहा आला. शेवटी ते म्हणाले, "यातली फिरलेली कोणती?"

"जी?"

"ही सगळी सरळ आहेत."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईनं एक चवन्नी घेतली. "असं नाई जी, हे पाहा." पलटवली. उलटे.

साहेबांनी तीच माझ्या हातातून घेतली. पलटवली. सरळ.

मला वाटलं, यांचेही डोळे गेले. आणि खरं सांगतो, शिबिराचा पत्ता माझ्या जिभेवर आला होता. तेवढ्यात साहेब हळूच म्हणाले, "थांबा. तुम्ही पुन्हा पलटवा. सावकाश."

मी पुन्हा आकडा सरळ धरला आणि वरून खाली पलटवली, तव्यावरची भाकर पलटवतात तशी.

"अरे देवा," साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अहो, असं नाही पलटवायचं. पुस्तकाचं पान उलटतो ना आपण, तसं. उजवीकडून डावीकडे. तुम्ही वरून खाली पलटवलं तर जगातलं प्रत्येक सरळ नाणं उलटंच दिसणार." टेबलावर त्यांचा स्वतःचा फोटो होता. तो उचलून त्यांनी वरचा भाग खाली करून दाखवला. "हा बघा, मीही डोक्यावर उभा राहिलो."

मी चवन्नी हातात घेतली. पानासारखी पलटवली. तिन्ही सिंह पायांवर उभे राहून माझ्याकडे पाहत होते.

शेठनी चहा बशीत ओतला, बशी तोंडाला लावली आणि फुर्र करून प्यायले. तेवढाच आवाज. मग ते उठले आणि थैलीची एक बाजू धरली. दुसरी मी धरली. साहेब दारापर्यंत आले. म्हणाले, "सुरुवातीला होतं असं." पण त्यांच्या आवाजावरून कळत होतं की असं कोणाचंच होत नाही.

तुमसरला उतरताना शेठ म्हणाले, "सगळी चिल्लर लोकाइले वापस कर. अन् माहं नाव नोको घेऊ. मी गावात व्यापार करतो, मले लोकाइले तोंड दाखवा लागते. कॉलनीवाले ठेवतीन तं राहा बसवर. नाई तं मी दुसरा कंडक्टर पाहतो."

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येकाला सुटे पैसे परत दिले. मागचेही दिले. कौतिकाबाईला तिचे दिले, तर तिनं झिंग्याचे कापून घे म्हटलं. मला वाटलं, आता मिटलं. उलट झालं. लोक म्हणाले, पाहा, पकडल्या गेला म्हणून परत करून राहिला. तुकाराम मेटनं निरोप पाठवला की रविवारी सकाळी मैदानात ये, तुझ्याबद्दल बोलायचं आहे.

रविवारी मैदानात अख्खी कॉलनी. बाजाराला जाणारे लोकही थांबलेले. कौतिकाबाई टोपलं खाली ठेवून पुढंच बसलेली. बायका एका बाजूला, त्यांत शेवंता.

तुकाराम मेट म्हणाला, "चिल्लर विकत होता का नाई, एवढं सांग."

मी सगळं खरं सांगितलं. शेठचं नाव तेवढं वगळलं. चवन्नी काढून भाकरीसारखी पलटवून दाखवली, पानासारखी पलटवून दाखवली. माझं बोलणं संपलं तेव्हा कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मेट म्हणाला, "हे कहानी तुले कोनं शिकवली?"

"कहानी नाई, खरं आहे."

"कंडक्टर, तू रोज नानं हातात घेते. नानं कसं पलटवाचं हे तुले समजत नाई, असं आमी मानाचं?"

मागून कोणी म्हणालं, "एवढा येडा मानूस नसते."

दुसरा म्हणाला, "चोर आहे. बनवून राहिला आपल्याले."

मी काय करणार होतो? साहेब नागपूरला. शेठचं नाव घ्यायचं नाही. मी चोर नाही, मी मूर्ख आहे, हे मी गळा फोडून सांगत होतो आणि कोणी ऐकत नव्हतं. नोकरी गेल्यातच जमा होती. कॉलनीतली खोली गेली असती, आसगावला सासऱ्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं, आणि तेही चोर म्हणून.

तेव्हा बायकांतून शेवंता उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुढं आली. मेटला म्हणाली, "काका, मी बोलू का?"

"बोल बाई."

"चोरी कराले डोकं लागते. कोनाचे किती घेतले, कुठं लपवले, कोनाले इकाचे, सगळं ध्यानात ठेवा लागते. ह्यायले मी बाजारातून मीठ आनाले पाठवते तं हे साखर आनते. वापस पाठवते तं थैली दुकानात विसरून येते. तुमी यायले चोर म्हनता, हे मले खोटं वाटते. मी यायच्या संग राहते. मी सांगते, हे तेवढे येडे आहेत."

कौतिकाबाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग शेवंतेकडं पाहिलं. "खरंच का वो माय? एवढा?"

"एवढे," शेवंता म्हणाली.

कौतिकाबाईनं तोंडानं ‘च्‌ च्‌’ केलं आणि म्हणाली, "मंग जाऊ द्या बिचाऱ्याले."

तुकाराम मेट उभा राहिला. "ठीक आहे. कंडक्टर चोर नाई, येडा आहे, असं ज्याले ज्याले वाटते, त्यानं हात वर करा."

आता ही कॉलनी म्हणजे कशी? नळाच्या वेळेवरून भांडणारी, गणपती कुठं बसवायचा यावरून दोन तट पडणारी. आजवर तिथं कोणत्याच गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी मात्र एकूण एक हात वर गेला. ड्रायव्हरचा गेला. शेवंतेचा तर सगळ्यांच्या आधी गेला.

मेटनं सगळीकडं नजर फिरवली आणि म्हणाला, "फक्त एक हात खाली आहे."

सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. नोकरीचा प्रश्न होता. मीही वर केला.